छापील आजोबा

नववीच्या वर्गाला मी एकदा निबंध दिला होता, 'माझे आजोबा'. बेचाळीस वह्या जमल्या. त्यातल्या एकोणतीस वह्यांतले आजोबा फौजेतून निवृत्त झालेले होते. सगळे पहाटे पाचला उठून फिरायला जात, नाकावर चष्मा सरकवून वर्तमानपत्र वाचत आणि रात्री नातवंडांना रामायणातल्या गोष्टी सांगत. गाव बीड जिल्ह्यातले. दिवाळी झाली की निम्मे गाव ऊसतोडीला निघून जाते. पहाटे पाचला उठणारी म्हातारी माणसे त्या गावात खूप होती, पण फिरायला जाणारा एकही मी पाहिला नव्हता.

मागच्या बाकावरच्या एका पोराला जवळ बोलावले.

"तुझे आजोबा फौजेत होते का रे?"

"नाही सर. कोयत्यावर होते."

"मग हे कोण?"

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सर, गाईडातले हायेत. आमच्या आजोबाचं लिहिलं तर मार्क कमी पडत्यात."

पोरगे खोटे बोलत नव्हते. मार्क कमी पडत होते आणि ते कमी पाडणारा मीच होतो. त्या पोराच्या चोरीचा पंचनामा करायला बसलो, तर पहिली सही माझीच करावी लागेल. तीस वर्षे मी टाचणवही भरली, ती दर जूनमध्ये गेल्या वर्षीच्या टाचणावरून उतरवून काढली. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली, तपासायला आलेल्या साहेबांनी सही पाहून सही केली. शाळेत नक्कल कुठे शिकवली जाते, हे विचारायला नकोच.

'कॉपी' हा शब्द आपण फार हुशारीने वापरतो. कॉपी म्हणजे परीक्षा केंद्रातली चिठ्ठी. तिच्यासाठी 1982 पासून राज्यात कायदा आहे, भरारी पथके आहेत, कॉपीमुक्त अभियान आहे. पण जून ते फेब्रुवारी तेच पोर जे उतरवून काढते, त्याला आपण प्रोजेक्ट म्हणतो, प्रयोगवही म्हणतो, स्वाध्याय म्हणतो. चिठ्ठी सापडली की पोलिसांना बोलावतो आणि प्रोजेक्टला चकचकीत पुठ्ठा घालून देतो.

डिसेंबर-जानेवारीत तालुक्याच्या एसटी स्टँडामागच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन उभे राहा. आई पोरीला घेऊन येते. "बारावीचं पर्यावरण आहे का तयार?" दुकानदार तीन गठ्ठे पुढे करतो, पाणी, कचरा, ध्वनी. हाताने लिहिलेला हवा असेल तर भाव वेगळा. आत पहिल्याच पानावर छापलेले असते की सदर प्रकल्प मी स्वतः प्रत्यक्ष भेटी देऊन पूर्ण केला आहे. नावापुरती जागा मोकळी. पोरगी काउंटरवरच नाव घालते, आई पैसे देते आणि घरी जाऊन सांगते की खोटे बोलू नये. त्या गठ्ठ्यातल्या एका प्रकल्पात पंचगंगेच्या पाण्याचे सर्वेक्षण 'आमच्या गावात' केलेले मी वाचले आहे. आमच्या गावाला पंचगंगा पाहायची तर एसटीने दिवस मोडतो.

हे सगळे कशासाठी? अंतर्गत गुणांसाठी. दहावीचेच पाहा. 2018-19 या वर्षी राज्य मंडळाने दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत वीस गुण काढून टाकले. आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला निकाल मार्च 2019 च्या परीक्षेत 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, कृतिपत्रिका नव्या होत्या, हेही खरे. पण ओरड झाली ती गुणांची. इतर मंडळांची मुले अकरावीच्या प्रवेशात पुढे जातील, आमच्या लेकरांचे काय? पुढच्याच वर्षी वीस गुण परत आले आणि निकाल 95.30 वर गेला. आपली पोरे चार ओळी स्वतःच्या मनाने बोलू-लिहू शकत नाहीत का, हा प्रश्न त्या एका वर्षात उघडा पडला होता. आपण त्यावर पुन्हा वीस गुणांचे पांघरूण घातले. यात सरकार, शाळा, पालक, कोणीच मागे राहिले नाही.

दुसऱ्याचे लिहिणे आपल्या नावावर खपवण्याला पुस्तकी मराठीत वाङ्मयचौर्य म्हणतात आणि बोलण्यात उचलेगिरी. हा दुसरा शब्द माझ्या तोंडी येतो तेव्हा जीभ अडखळते. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, गावाच्या नजरेतून नाही. अशाच एका जमातीत जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिले त्याला 1988 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी ते वाचून हळहळही व्यक्त केली. पोटासाठी हात मारणाऱ्याच्या सगळ्या वंशाला आपण चोर म्हटले. पदासाठी दुसऱ्याचा प्रबंध ढापणाऱ्याला मात्र डॉक्टर म्हणतो, आणि त्याच्या नातवाचे नावसुद्धा कोणी चोर म्हणून नोंदवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली नियम केले. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, साठ टक्क्यांच्या वर गेले तर संशोधकाची नोंदणी रद्द. नियम झाल्याबरोबर काय विकत मिळू लागले? वाक्ये फिरवून टक्का दहाच्या आत आणून देण्याची सेवा!

असा टक्का नववीच्या पोराला शिकवायचा नाही. त्याला जे शिकवायचे, ते त्याच्या घरातच आहे. ऊसतोडीला जाणारा मुकादमाकडून उचल घेतो. ती मुकादमाच्या वहीत नावानिशी, तारखेनिशी लिहिलेली असते. त्या वहीत किती खोटे आकडे चढतात, हे मला ठाऊक आहे आणि ती पद्धत चांगली आहे असे मी म्हणत नाही. पण घेतले ते घेतले म्हणून लिहावे लागते, हे त्या पोराच्या आईला सही न करता येताही कळते. पुस्तकातून घेतलेले वाक्य ही उचलच. जसेच्या तसे घेतले तर अवतरण चिन्हात ठेव आणि कुणाचे ते लिही. चार शब्द इकडचे तिकडे केलेस, 'सुंदर'चे 'मनोहर' केलेस, म्हणून ते तुझे झाले नाही. शेजाऱ्याच्या बैलाची शिंगे रंगवली तरी बैल शेजाऱ्याचाच राहतो. पान वाच, पुस्तक मीट, आणि मग जे कळले ते तुझ्या बोलीत लिही. तरीही विचार ज्याचा, त्याचे नाव दे. शिवरायांचा राज्याभिषेक 1674 साली रायगडावर झाला, हे सांगायला कुणाची परवानगी नको, ते सगळ्यांचेच आहे. पण त्यावर एखाद्या इतिहासकाराने काढलेला निष्कर्ष त्याचा आहे. गावातल्या विहिरींची माहिती म्हाताऱ्या आत्याने सांगितली असेल, तर प्रकल्पाच्या शेवटी त्या आत्याचे नाव लिही. तिचे नाव आजवर कुठल्याच कागदावर आले नसेल.

ही विलायती शिस्त आहे, आपल्यात ज्ञान सगळ्यांचे, असे म्हणणारे विद्वान मला भेटले आहेत. त्यांनी तुकोबांची गाथा उघडावी. सालोमालो नावाचा कोणी गृहस्थ तुकोबांच्या अभंगांत आपले नाव घुसडून ते स्वतःचे म्हणून गात असे, अशी परंपरा सांगते आणि गाथेत त्याच्यावर तुकोबांनी केलेले अभंग आहेत. ज्या माणसाने देणेकऱ्यांची खते इंद्रायणीत बुडवली, असे आपण अभिमानाने सांगतो, तोच माणूस शब्दांची चोरी मात्र सोडून देत नाही. ज्ञानेश्वर महाराज आपण व्यासांच्या मागावरून, भाष्यकारांना वाट विचारत आलो हे स्वच्छ सांगतात. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यात आपली एक ओवी घालणे त्यांच्यासारख्या कवीला अवघड नव्हते. ती घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असे त्यांनी उलट बजावून ठेवले. नाममुद्रेची एवढी चाड असलेल्या भाषेत आज सकाळपासून रात्रीपर्यंत पुलंच्या नावावर त्यांनी न लिहिलेले आणि खऱ्या कवीचे नाव कापून 'अनामिक' म्हणून लिहिलेले व्हॉट्सॲपवर फिरत असते. फिरवणारे कोण? पालक सभेत पहिल्या रांगेत बसणारे.

आता यंत्रही आले. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि गाईडाचा खर्चही वाचला. विचारले की अर्ध्या मिनिटात आजोबा तयार, तेही शुद्धलेखनाची एक चूक नसलेले. शिक्षक मंडळी घाबरली आहेत, पकडायचे कसे म्हणून. पकडण्याच्या मागे लागू नका. पोराला उभे करून तीन प्रश्न विचारा: हे तुला कुठे दिसले, कुणी सांगितले, तुला पटले का? ज्याने लिहिले असेल तो बोलेल. बेचाळीस पोरांना तीन प्रश्न विचारायला वेळ कुठे आहे, असे मला विचारू नका. टाचण उतरवायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा पुरेल. पालकांनी पुठ्ठ्याचे पैसे द्यावेत, प्रकल्पाचे देऊ नयेत. आणि वाकडातिकडा, खाडाखोडीचा, तेलाचा डाग पडलेला कागद समोर आला, तर त्याला चकचकीत गठ्ठ्यापेक्षा एक गुण जास्त देण्याची हिंमत शाळेने दाखवावी.

ती मी दाखवली नव्हती. त्या पोराला मी निबंध पुन्हा लिहायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याने दीड पान आणले. आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटे पूर्ण उघडत नाहीत, म्हणून भाकरी ते डाव्या हाताने मोडतात. कोयता सुटून सात वर्षे झाली तरी मूठ सुटली नाही, असे त्यात होते. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका होत्या. मी लाल पेनाने सगळ्यांना गोल केले आणि दहापैकी पाच गुण दिले. छापील आजोबांना मी आठ देत असे.