मशिनीचा विमा, पोराचं काय?

आमच्याकडं एखादा पोरगा जेसीबीवर गेला की लोक म्हणतात, "शिकला नाही, म्हणून मशिनीवर गेला." असं बोलणाऱ्याच्या विहिरीतला गाळ त्याच पोरानं काढलेला असतो!

१९७२ च्या दुष्काळात मी पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहिल्यात. आम्हा माणसांचं दिवसभराचं काम आता मशीन बघता बघता उरकतं, हे खरं. पण मशीन आपोआप चालत नाही. भुसभुशीत काठावर चाक कुठवर न्यायचं, उतारावर मशीन कसं उभं करायचं, डोक्यावरच्या विजेच्या तारेपासून बूम किती लांब ठेवायचा, हे कळणारा हात तयार व्हायला वर्षं जातात.

ती वर्षं पोरगा हेल्पर म्हणून काढतो. ग्रीस मारायचं, फिल्टर झाडायचा, रात्री राखणीला मशिनीपाशीच झोपायचं. मालक भाडं तासावर घेतो, मीटर बघून, चोख. पोराच्या पगाराला मात्र "बघू पुढच्या महिन्यात". मशिनीचा विमा असतो, पोराचा नसतो. उद्या दरड ढासळली तर मालकाला भरपाई मिळंल. त्याच्या आईनं कुणाच्या दारात जायचं?

पोरांनो, पहिल्या दिवशीच पगार ठरवा, लायसन काढा, अपघात विमा मागा. लाजू नका. आणि पोरींच्या बापांनो, शिपायाची नोकरी शोधत हिंडताना आपल्या शेततळ्याकडं एकदा बघा. ते खोदणारा हात अडाणी नव्हता.