वारीचें पायताण

गेल्या महिन्यांत आलेल्या एका पत्राचा मजकूर प्रथम थोडक्यांत सांगतें, म्हणजे या वेळचें हितगुज पायतणासारख्या उंबऱ्याबाहेरच्या वस्तूवर कां, याचा उलगडा होईल. पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील धाकट्या सूनबाई आहेत. त्यांच्या सासूबाईंनीं यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपुरास पायीं जाण्याचा निश्चय केला आहे. आणि तोहि अनवाणी! वय चौसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा. घरांत दोन पक्ष पडले आहेत. मामंजी म्हणतात, "पांडुरंग पाहून घेईल." थोरले दीर म्हणतात, "वारीचें नांवच काढूं नका." आणि सूनबाई मला विचारतात कीं, सासूबाईंचें मन न मोडतां त्यांच्या पायांत काय घालावयास द्यावें, व तें कोणत्या दुकानीं घ्यावें?

दुकानाचें नांव मी सांगणार नाहीं. पण प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर देण्याचा मला थोडासा, किंबहुना नको इतका, अधिकार आहे.

सन २०१७ च्या आषाढीची गोष्ट. आमच्या घरच्या आत्याबाई, म्हणजे 'ह्यांच्या' आत्या, प्रथमच वारीला निघाल्या. त्यांच्या पायांत नेहमीच्या जुन्या वहाणा होत्या. टांचेशीं झिजलेल्या, रंग उडालेल्या. एवढ्या थोर यात्रेला निघतांना आमच्या घरच्या बाईनें असलें पायताण घालावें हें मला कसेंसेंच वाटलें. निघण्याच्या आदल्या दिवशीं मी बाजारांतून चांगल्या जाड कातड्याच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी वहाणा आणिल्या, त्यांच्या पायांशीं ठेवून नमस्कार केला, आणि जुन्या वहाणा केराच्या गाडींत टाकून दिल्या. आत्याबाईंना गहिंवरून आलें. त्यांनाहि मधुमेह होता, हें मला ठाऊक होतें. मधुमेहाचा आणि वहाणेचा कांहीं संबंध असतो, हें मात्र ठाऊक नव्हतें.

सासवडच्या मुक्कामीं दिंडींतील एका बाईंना आत्याबाईंच्या सतरंजीवर रक्ताचा डाग दिसला. वहाणेच्या अंगठ्यानें शेजारच्या बोटाची साल पार सोलून काढली होती, आणि आत्याबाईंना त्याचा पत्ताहि नव्हता. त्यांनीं चिंधी बांधली व जेजुरी गांठली, वाल्हें गांठलें. नीरेला आम्ही मोटार घेऊन पोहोंचलों तेव्हां पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता. पुढें तीन महिने मलमपट्ट्या झाल्या, आणि अखेर उजव्या पायाचें तें दुसरें बोट शस्त्रवैद्यांना काढावें लागलें. आत्याबाईंनीं मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. आजतागायत दिलेला नाहीं.

तेव्हांपासून हा विषय मी पुष्कळ चाळला, डॉक्टरांना विचारिला, आणि दोन वेळां स्वतः वाटचाल करून पायांवर पडताळून पाहिला. त्यांतलें जें हातीं लागलें तें सांगतें.

प्रथम वाट कशी आहे तें पाहूं. आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीस होतें व पालखी आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरीं पोहोंचते. अंतर सुमारें २५० किलोमीटर. एक पाऊल साठ-पासष्ट सेंटिमीटरचें धरलें तर ही चार लाखांच्या आसपास पावलें झालीं. पायतणांत गव्हाच्या दाण्याएवढी टोंचणी असली तरी ती प्रत्येक पायाला दोन लक्ष वेळां टोंचणार, हा हिशेब घरच्या मंडळींसमोर मांडावा. वादविवाद निम्मा तेथेंच मिटतो. त्यांतून सर्वांत मोठी मजल अगदीं आरंभींच येते. पुण्याहून सासवड, सुमारें तीस किलोमीटर, मध्यें दिवे घाटाचा चढ, आणि बहुधा एकादशीचा उपवास. पाय मुरलेले नसतात त्याच दिवशीं त्यांची कसोटी लागते.

हवामानहि एकच नाहीं. पुण्याच्या बाजूस पाऊस असला तर पहिले कांहीं दिवस पायताण वाळतच नाहीं. नीरा ओलांडून लोणंद, तरडगांव, फलटण असें पुढें गेलें कीं पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. तेथें ढग दिसतात पण पुष्कळदां ऊनच खावें लागतें, आणि डांबरी रस्ता दुपारीं तव्यासारखा तापतो. मुक्काम माळरानांत किंवा शेतांत. तेथें काळ्या जमिनीवर सर आली कीं चिखलाचे गोळे तळाला असे चिकटतात कीं एकेक पाय पायलीभर जड होतो. २०२१ साली या मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हांपासून वाट रुंद होत आली आहे खरी. पण काँक्रीट हें डांबरापेक्षांहि कठीण, हें गुडघ्यांना विचारावें.

आतां अशा वाटेला काय चालेल?

कोल्हापुरी वहाणेची निंदा मी करणार नाहीं. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें तें कातडें मुरलें म्हणजे त्यासारखें सुख नाहीं. पण तें मुरावयास आठवडे लागतात, आणि भिजलें कीं फुगतें व वाळलें कीं कडक होतें. पावसाळी वारीला तें सोबत्यासारखें नव्हे, पाहुण्यासारखें वागतें. रबरी हवाई चप्पल हजारों वारकरी घालतात. ती हलकी, स्वस्त आणि झटकली कीं कोरडी. ज्यांचा पाय जन्मभर तिच्यांतच वावरला त्यांनीं ती खुशाल घालावी. (पट्टा निसटूं लागला तर तळाखालच्या बोंडाशीं एक सेफ्टी पिन अडकवावी, ही युक्ति कोणाहि वारकऱ्याला ठाऊक असते.) मात्र बैठ्या कामाच्या शहरी पायाला तिचा तळ फार पातळ पडतो, आणि ती निसटूं नये म्हणून बोटें सारा दिवस आंवळून धरावीं लागतात, त्यानें पोटऱ्या भरून येतात. कातडी बूट तर नकोच. त्यांत पाणी शिरलें कीं तें तेथेंच बिऱ्हाड करतें.

माझें मत असें कीं दोन जोड असावेत. एक, चालण्याचा किंवा धांवण्याचा जाळीदार कापडी बूट, मऊ पण दाबला असतां पार न बसणाऱ्या तळाचा. जाळींतून पाणी आंत येतें तसेंच बाहेरहि जातें. दुसरा, टांचेमागें पट्टा असलेली सँडल, जिचे पट्टे कमीजास्त करतां येतात. सकाळच्या मजलेला एक व दुपारच्या मजलेला दुसरा असा फेर ठेवला म्हणजे एकाच जागीं घासणें टळतें, आणि एक जोड वाळत राहतो. सामान दिंडीच्या ट्रकांत जात असल्यामुळें दुसऱ्या जोडाचें ओझें होत नाहीं. पण पावसाचा रंग दिसला तर सँडल खांद्यावरच्या पिशवींतच घ्यावी, कारण ट्रक मुक्कामींच भेटतो.

खरेदी संध्याकाळीं करावी. दिवसभराच्या वावरानें पाय थोडा सुजलेला असतो, आणि वारींत तो त्याहून अधिक सुजणार. दोन्ही पाय मोजावेत. पुष्कळांचा एक पाय मोठा असतो, त्याच्याच मापानें घ्यावें. सर्वांत लांब बोटापुढें आंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी हवी. लांब बोट म्हणजे आंगठाच असें नाहीं, कित्येकांचें दुसरें बोट लांब असतें. ही जागा नसली तर दिवे घाटाच्या चढावर कांहीं कळत नाहीं, पण उतार लागला कीं नखें पुढें आपटून काळीं पडतात. रुंदी पाहण्याची एक घरगुती रीत आहे. कागदावर उभें राहून पावलाभोंवतीं पेन्सिल फिरवावी आणि त्या आकृतीवर बूट ठेवावा. रेघ बाहेर डोकावली तर तो बूट आपला नव्हे, मग रंग कितीहि मनांत भरलेला असो. बूट दुमडून पाहावा. चवड्याशीं दुमडला तर योग्य, मध्येंच कमरेंत मोडला तर टाकाऊ. आंत हात घालून शिवण चांचपावी. दुकानदार "वापरानें सैल होईल" असें म्हणूं लागला कीं उठावें.

आणि हें सारें प्रस्थानापूर्वीं निदान दीड-दोन महिने! माझी चूक येथेंच झाली. नव्या पायतणांत प्रथम अर्धा तास, मग तास, मग सकाळ-संध्याकाळ असें करीत पन्नाससाठ किलोमीटर चालून झाल्यावांचून तें वारीला नेऊं नये. एकदां तरी तें भिजवून, ओलेंच घालून चालावें. शेजारीपाजारी हंसतील तर हंसोत.

मोज्यांविषयीं आमच्या घरीं फार हट्ट आहे कीं सुती तेच चांगले. सुती कापड धोतराला व लुगड्याला खरोखर उत्तम. पण मोज्यांत तें घाम आणि पाणी धरून ठेवतें, व ओली कातडी कोरडीपेक्षां अधिक घासली जाते. फोड येतो तो कसा? बाहेरची कातडी ओल्या मोज्याला चिकटून राहते, आंतलें हाड पावलागणिक पुढेंमागें सरकतें, आणि मधले थर ताणले जाऊन सुटतात. त्या पोकळींत पाणी भरतें. म्हणून लोकरीचे किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे पातळ मोजे बरे. तीन जोड असावेत, एक पायांत, एक वाळत, एक कोरडा. निघण्यापूर्वीं टांचेला व बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन चोपडावें. टांचांच्या भेगांना कोंकणांतलें कोकमाचें तेल रात्रीं कोमट करून लावावें. याला तोड नाहीं, असें माझ्या माहेरचीं सर्व माणसें सांगतात व मीहि त्यांतलीच आहें. नखें आठवडाभर आधीं सरळ कापावीं. आदल्या रात्रीं खोल कापून कोपरे दुखवूं नयेत.

जागा चुरचुरूं लागली कीं लगेच रस्त्याच्या कडेला बसून चिकटपट्टी लावावी. "पुढच्या विसाव्याला पाहूं" म्हणणाऱ्याला फोड पुढच्या विसाव्याला भेटतोच. फोड लहान असेल तर फोडूं नये. मोठा व ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईनें कडेला टोंचून पाणी काढावें, वरची कातडी मात्र सोलूं नये. धनुर्वाताची सुई घरूनच घेऊन निघावें. मधुमेह्यानें सुई हातीं धरूं नये; वाटेंत ठिकठिकाणीं वैद्यकीय पथकें असतात, तेथें पाय दाखवावा. पुण्याच्या मुक्कामांत कित्येक चर्मकार बंधू वारकऱ्यांचीं पायताणें विनामूल्य शिवून देतात. आपल्यासारख्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दारांत उभें केलें, त्यांच्यापुढें तेथें रांगेंत उभें राहतांना मला जें वाटलें तें लिहिण्याची ही जागा नव्हे.

आणखी एक गोष्ट. विसाव्याला, कीर्तनाला, दर्शनाला पायताण काढावें लागतें आणि शेजारीं तसेंच शंभर जोड पडलेले असतात. लेस सोडण्याबांधण्याचा कंटाळा येऊन लोक बुटाची टांच चिरडून घालतात व मग फोडाला कारण शोधतात. दोन्ही पायताणांना रंगीत लोकरीचा गोंडा बांधावा. हरवलें तर दुसऱ्याचें उचलूं नये, हें सांगणें नको. पण दुसऱ्याचें पायताण आपल्या पायाचा साचा घेतलेलें नसतें, हेंहि त्यांतलें एक कारण आहे.

आतां सासूबाईंच्या अनवाणी व्रताविषयीं. शेतांत जन्म काढलेल्या माणसाचा तळवा आणि फरशीवर वाढलेला तळवा यांत फार अंतर आहे, तरी निरोगी माणसानें सराव करून अनवाणी चालावयाचें म्हटलें तर मी आड येणार नाहीं. मधुमेहाचें तसें नाहीं. वर्षानुवर्षांच्या साखरेनें पायांच्या मज्जातंतूंची जाणीव मंदावते. खडा, कांटा, चटका, कांहीं कळत नाहीं, आणि रक्त कमी पोहोंचत असल्यास जखम भरतहि नाहीं. अशा माणसानें घरांतसुद्धां अनवाणी फिरूं नये असें डॉक्टर सांगतात. तेव्हां भगिनी, प्रथम सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या आणि पायांची जाणीव व रक्तप्रवाह दोन्ही तपासून घ्या. त्यांनीं मनाई केली तर ती मनाई. परवानगी मिळाली तरी अनवाणी नाहीं, अंगठ्याची वहाणहि नाहीं. पुढें रुंद व आंत शिवण न टोंचणारा बूट, घालण्यापूर्वीं उलटा करून झटकलेला. रोज रात्रीं तळवे दुसऱ्या कोणीतरी उजेडांत पाहावे, बोटांच्या बेचक्यांसकट. त्यांना स्वतःला दिसणार नाहीं व दुखणारहि नाहीं, म्हणून हें काम सोबत जाणाऱ्याचें.

आणि मामंजींना एवढेंच विचारा कीं पालखींत असतें काय? मूर्ति नव्हे, माउलींच्या पादुकाच ना? पायतणाला ज्या वाटेवर एवढा मान, त्या वाटेवर तें पायांत घातल्यानें व्रत कसें मोडेल? आमच्या आत्याबाईंना हा युक्तिवाद पटला नव्हता, हेंहि खरें सांगतें. "पादुका पूजेच्या, तुझे बूट दुकानाचे," म्हणाल्या. त्या आतां मोटारीनें वाखरीपर्यंत जातात आणि तेथून शेवटचे कांहीं किलोमीटर दिंडींत चालतात. डॉक्टरांनीं माप घेऊन करविलेला बूट असतो, उजव्या पायांत रिकाम्या बोटाच्या जागीं मऊ बोळा. रात्रीं त्यांचा पाय मांडीवर घेऊन विजेरी लावून पाहण्याचें काम माझ्याकडे आहे.

तुमच्या सासूबाईंच्या दोन्ही पावलांचे नकाशे संध्याकाळीं, वर सांगितल्याप्रमाणें, कागदावर काढून ठेवा. आणि दुकानीं जातांना त्यांनाच बरोबर न्या. भेट म्हणून परस्पर आणूं नका.