बिनवजनाच्या कणांचा हिशेब

आपल्या शरीराचे जवळपास सगळे वजन अणुकेंद्रांतील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे असते. प्रत्येक प्रोटॉनमध्ये तीन मुख्य क्वार्क असतात. पण त्या तिघांच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरते. उरलेला वाटा मुख्यतः क्वार्कांच्या धावपळीच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या ऊर्जेचा. ग्लुऑनला स्वतःचे वस्तुमानच नाही. थोडक्यात, बिनवजनाच्या कणांच्या जोरावर आपण वजनदार आहोत.

ग्लुऑनचा पुरावा १९७९ मध्ये हॅम्बर्गच्या ‘डेझी’ प्रयोगशाळेत मिळाला. पण तो सुटा कधीच हाती लागत नाही, म्हणून त्याची मोजणी आडवाटेने करावी लागते. जिनिव्हाजवळच्या सर्नमधील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात शिशाची अणुकेंद्रे समोरासमोर सोडली जातात. काही एकमेकांना न धडकता अगदी जवळून निघून जातात. तेव्हा एका केंद्राच्या प्रबळ विद्युतक्षेत्रातला प्रकाशकण दुसऱ्यातील ग्लुऑनांना गाठतो आणि जे-साय नावाचा कण जन्मतो. हे कण किती निर्माण झाले, यावरून ग्लुऑनांचा अंदाज बांधता येतो. ॲलिस आणि सीएमएस या प्रयोगांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, २०८ सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या हिशेबाने अपेक्षित असलेल्या प्रमाणापेक्षा हे कण बरेच कमी भरतात. ग्लुऑन एकमेकांच्या सावलीत झाकले जातात, की दाटी वाढल्यावर परस्परांत विलीन होतात, याचा निवाडा बाकी आहे.

त्यासाठी अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर उभारण्याची योजना आहे. इलेक्ट्रॉनला अंतर्गत रचना असल्याचे आढळलेले नाही. त्यामुळे त्याच्या टकरीतून केंद्राचे चित्र अधिक स्वच्छ मिळते.

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. मुंबईची टीआयएफआर सीएमएसमध्ये, तर आयआयटी मुंबई ॲलिसमध्ये सहभागी आहे. ॲलिसमधील फोटॉन मोजणारे उपकरण कोलकात्याच्या व्हीईसीसीच्या पुढाकाराने भारतीय गटांनी बांधले. ब्रुकहेवनच्या यंत्रासाठीही असाच वाटा आजच उचलायला हवा. उपकरण तयार झाल्यावर पोहोचणाऱ्याला इतरांनी आखलेल्या चौकटीतच प्रश्न विचारावे लागतात. बांधणीत सामील झालेल्याला काय मोजायचे, हे ठरवता येते.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न रास्त आहे. उद्या यातून औषध निघेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. मात्र अतिसूक्ष्म संकेत टिपणारी उपकरणे घडवू शकणारे तरुण अशाच कामांतून तयार होतात. निधी मागताना एवढे खरे कारण पुरेसे असले पाहिजे.