घाम गुन्हेगाराला ओळखत नाही

१/ ‘चोराच्या मनात चांदणे’ ही म्हण असे धरून चालते की अपराध्याला भीती वाटते आणि ती लपत नाही. याच समजुतीवर विसाव्या शतकात पॉलिग्राफ हे यंत्र उभे राहिले. त्याने शरीराची नोंद नीट घेतली; तिचा अर्थ लावणारे चुकले.

२/ १९२१ साली अमेरिकेतील बर्कलीच्या पोलीस दलात जॉन लार्सन यांनी रक्तदाब व श्वसन एकत्र नोंदवणारे यंत्र सिद्ध केले. पुढे त्यात त्वचेच्या विद्युतवाहकतेची भर पडली. कारण घाम सुटला की त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. या खुणा चेतासंस्थेच्या उद्दीपनाच्या आहेत, असत्याच्या नव्हेत. अपमान, संताप, धास्ती यांनीही त्या तशाच उमटतात.

३/ शिवाय हे उद्दीपन स्वभावागणिक बदलते. अंतर्मुख व्यक्तींचा मेंदू मुळातच अधिक जागृत असतो, असे हान्स आयझेंक यांनी १९६७ मध्ये मांडले. पुढील प्रयोगांत चित्र इतके सरळ राहिले नाही. पण माणसामाणसांतील फरक खरा ठरला.

४/ त्याआधीच, १९५७ मध्ये, डेव्हिड लिकेन यांना एक बोलका फरक आढळला होता. विजेच्या धक्क्याची चाहूल लागताच इतरांच्या त्वचेवर जी प्रतिक्रिया उमटे, ती निर्ढावलेल्या समाजविघातक व्यक्तींमध्ये क्षीण होती. हेच लिकेन पुढे पॉलिग्राफचे कठोर टीकाकार झाले, यात नवल नाही.

५/ सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत संघाला गुपिते विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्यांतून तो सुटला; अटक झाली १९९४ मध्ये.

६/ भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी खटल्यात संमतीविना ही चाचणी करण्यास मनाई केली. निर्णय योग्यच, पण त्याने सक्तीचा प्रश्न सुटला, विश्वासार्हतेचा नव्हे. कोठडीतील माणसाने नकार दिला तर संशय वाढतो आणि होकार दिला तर त्याचा स्वभावच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहू शकतो.

७/ म्हणून ‘चाचणीत नापास’ ही बातमी वाचताना एवढे ध्यानी असावे: भित्र्या निरपराध्याच्या मनातही चांदणे पडते आणि निर्ढावलेल्याच्या मनात अमावास्याच असते. गुन्हा पुराव्याने सिद्ध व्हावा, घामाने नव्हे.