आधी यादी, मग निकाल

वाशिमच्या बसस्टँडवर चहाचा कप रिकामा व्हायच्या आत खटला निकाली निघतो. टीव्हीवर एखादं खून प्रकरण गाजत असलं की झालं! आरोपीला फाशी, त्याच्या वकिलाला शिव्या, आणि वर सूचना : "कोर्ट-फिर्ट काही नाही बापा, जनतेलाच ठरवू द्या!" हल्ली शिकलेसवरलेलेही अमेरिकेकडे बोट दाखवून ज्यूरी मागतात. मी म्हणतो, मागा. पण ती जनता निवडणार कोण?

1908च्या जुलैत मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. गुन्हा काय, तर 'केसरी'तले मराठी अग्रलेख. सरकारने खास ज्यूरी मागितली, न्या. दावरांनी ती दिली. सात युरोपियन, दोन पारशी. ज्या मराठीपायी माणसाला काळ्या पाण्यावर धाडायचं, ती साहेबांनी भाषांतरातून चाखायची! टिळक एकवीस तास बोलले. निकाल? सात विरुद्ध दोन, दोषी. त्यांच्याच 1897च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. तिथे निकाल सहा विरुद्ध तीन. पुरावा ऐकायची गरजच काय होती? गोरी डोकी मोजली असती तरी भागलं असतं.

स्वराज्यात सुधारलो म्हणता? 1959 साली नानावटीवर बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा खटला चालला, त्यात ज्यूरीची यादी सरकारने नासवली नव्हती. ते काम 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आधीच चोख बजावलं होतं. देखणा नौदल अधिकारी, फसवला गेलेला नवरा! ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवला. सेशन जज मेहतांनी तो निकाल न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, म्हणून जन्मठेप झाली.

आता आपल्या जिल्ह्यात ज्यूरी निवडून बघा. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा गाव. तिसऱ्याची गरज नाही, कारण तोवर 'म्हणजे तुम्ही अमक्याचे सोयरे' हे निघालेलं असतं. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सोयरा नसलेला, पार्टी नसलेला, मोबाइलवर निकाल आधीच न दिलेला माणूस शोधून आणा. अहो, पंचनाम्याला दोन पंच धड मिळत नाहीत! मिळाले तर साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभे राहून म्हणतात, "पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली." आणि यांच्यातून निवडलेले लोक एखाद्याच्या फाशीचा फैसला करणार?

1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच ठेवली नाही, हे उत्तम झालं. मोर्चा काढायचाच असेल तर न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून काढा, साक्षीदारांना संरक्षण द्या म्हणून काढा. मी पहिल्या रांगेत येतो.