जो धूर दिसत नाही

साथींनो,

मागच्या बैठकीत एका बाबांनी सवाल केला, "चिमणीतून आता काळा धूर तं निघत नाही, मंग हवा खराब काहून म्हनता?" सवाल बरोबर आहे. म्हणून या अंकात त्याचाच जबाब देतो.

काळा धूर म्हणजे राख आणि काजळी. ती अडवायचं यंत्र चिमणीला बसवतात. पण त्या यंत्रातून जो वायू सुटून जातो तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचं नाव नायट्रोजन ऑक्साइड. हवेत शंभरात ७८ भाग नायट्रोजन असतो. तो आपण रोज श्वासात घेतो, काही बिघडत नाही. पण वीज केंद्राची भट्टी १३०० अंशांच्या वर तापली, की हवेतलाच नायट्रोजन प्राणवायूशी जुळतो आणि हा वायू होतो. कोळशातल्या नायट्रोजनमधूनही तो तयार होतो. सिमेंटच्या भट्टीतून, कोळशाच्या डिझेल ट्रकांतून तोच निघतो. आपल्या चुलीची आग एवढी तापत नाही. चुलीच्या धुराने बायांचे डोळे, छाती खराब होते हे खरं, त्यावर उपाय पाहिजेच. पण कारखान्याचा हिशोब कोणी चुलीच्या माथी मारू नये.

हा वायू जवळच्या लोकांची छाती धरतो, पोरांना आणि दमेकऱ्यांना जास्त. पण तो तिथेच थांबत नाही. वाऱ्यासोबत चालता चालता ऊन लागलं, की दुसऱ्या वायूंशी मिळून त्यातून ओझोन बनतो. वर आभाळात ओझोन आपलं रक्षण करतो, जमिनीजवळ तोच विष आहे. पानाच्या बारीक छिद्रांतून तो आत शिरतो. पान थकतं, धानाचा, गव्हाचा दाणा कमी भरतो. आणि चिमणीच्या पायथ्यापेक्षा हा ओझोन लांबच्या गावांत जास्त असू शकतो. उरलेल्या वायूचं आम्ल होतं, ते पावसातून मातीत आणि नाल्यात उतरतं. झाडावरचं दगडफूल आपण वेचतो ना? त्याला खराब हवा सोसत नाही. ते कुठे कमी झालं, हे आपल्या बायांना कोणत्याही साहेबाच्या आधी कळेल.

चंद्रपूरच बघा. २९२० मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र, आणि जवळच ताडोबाचं जंगल. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच चंद्रपूरला अति प्रदूषित क्षेत्रांत धरलं. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने या वायूवर पहिल्यांदा मर्यादा घातली. २००४ ते २०१६ या काळात बसवलेल्या संचांना एका घनमीटर धुरात ३०० मिलिग्रॅम. ती पाळायची वेळ आली तेव्हा २०२० मध्ये ३०० चे ४५० करून दिले. आपला दावा एका कागदासाठी फेटाळतात, आणि त्यांच्यासाठी कायदाच वाकतो.

आता आपलं काम. नवीन कारखान्याच्या अहवालात बहुतेक वेळा १० किलोमीटरचं वर्तुळ काढतात. त्याच्या बाहेरचं गाव हिशोबातच नाही. पण वारा वर्तुळ पाहून थांबत नाही. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी लागते, आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. तो मागा, गावात मोठ्याने वाचा. आणि तीन सवाल लिहून न्या:

१. चिमणीतून हा वायू किती निघणार?
२. आमच्या गावात ओझोन कोणी, कोणत्या महिन्यात मोजला?
३. मोहा वेचायच्या दिवसांत वारा कुठून कुठे वाहतो, हे आम्हाला विचारलं का?

वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल आणि पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा जबाब मिळेपर्यंत ठराव देऊ नका, कोऱ्या कागदावर अंगठा तर नाहीच नाही.

पट्ट्यावर जमीन लिहितात, हवा लिहीत नाहीत. पण त्या जमिनीवर पिकायचं आणि जगायचं ते याच हवेत.

जय सेवा!