दहा रुपयांची ट्यूब

गेल्या महिन्यात आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने व्यसनमुक्ती फेरी काढली. मीही फलक धरून होतो. फेरी मनमाड स्टेशनाजवळ आली तेव्हा पुलाखाली चार-पाच पोरे तोंडाशी चिंधी धरून बसलेली दिसली. आमच्यातला एकजण ओरडला, "ए गर्दुल्ल्यांनो, उठा!" पोरे धूम पळाली. आम्ही हसलो आणि घोषणा देत पुढे निघालो. हसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हा लेख.

मित्रहो, ती पोरे गर्दुल्ले नव्हेत. गर्दाला पैसा लागतो. यांच्या चिंधीत असते ते पंक्चर काढायचे सोल्यूशन. हे मला ठाऊक आहे, कारण माझ्या वडिलांचे पंक्चरचे दुकान त्याच रस्त्याला आहे. शाळा सुटली की मी दुकानावर बसत असे. दहा-बारा वर्षांची पोरे दहाची नोट पुढे करून म्हणत, "ट्यूब द्या." सायकल कुठे आहे, असे मी एकदाही विचारले नाही. तीच पोरे दिवसातून दोनदा येत. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, पण इतका काही भोळा नव्हतो. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक! त्या पैशांत माझ्या वह्याही आल्या असतील.

फेरीनंतर मन स्वस्थ बसेना, म्हणून थोडे वाचले. सोल्यूशनमध्ये टोल्युइनसारखे द्रव असतात. त्यांची वाफ फुप्फुसांतून काही क्षणांत मेंदूत पोचते. नशा लवकर उतरते, म्हणून पुन्हा पुन्हा हुंगावे लागते. पुढे मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांची हानी होते, हे ओघाने आलेच. पण एक गोष्ट वाचून मी हादरलो. या वाफेने हृदय असे हळवे होते की, त्या अवस्थेत मूल दचकले वा जिवाच्या आकांताने धावले तर ठोके बिघडून ते जागीच मरू शकते. अगदी पहिल्या खेपेलासुद्धा. आणि आम्ही काय केले होते? त्यांना पळवले होते.

दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मुले मोठ्यांच्या पुढे आहेत असे एकच व्यसन आढळले, ते हे हुंगण्याचे. १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. सरकारने २०१२ साली बाटलीतल्या व्हाइटनरच्या आणि थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली, ते योग्यच झाले. पण ट्यूबवरही बंदी घाला, असे कोणी म्हणेल तर मी विरोध करीन. सायकलवाल्याने मग जायचे कुठे, आणि आम्ही खायचे काय?

भुकेपोटी पोरे हे करतात, असे आपण वर्गात बोलतो. मनमाडला गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे. तिथे कोणालाही जेवायला मिळते. मी त्या पोरांतल्या एकाला गाठून विचारले, "जेवायला मिळतं ना? मग हे कशाला?" तो म्हणाला, "जेवन मिळतं रे दादा. एक रात फलाटावर झोपून बघ." थंडी, लाथा आणि शेजारी येऊन बसणारे दारुडे हे सारे त्याने पुढे सांगितले. ते इथे लिहवत नाही.

वडिलांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू शिकलास म्हणून तुला कळलं. मला कोण सांगणार होतं?" दुसऱ्या दिवसापासून पोरांना त्यांचे एकच उत्तर असते, "सायकल आण, इथंच लावून देतो." गल्ल्यात थोडी तूट येते. शेजारच्या दुकानात ट्यूब मिळतेच, तेव्हा पोरे तिकडे जातात.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे. दरवर्षी आपले शिबिर सात दिवस एखाद्या खेड्यात जाऊन शोषखड्डे खणते. यंदा ते स्टेशन रस्त्यावर भरवावे. पंक्चरवाले, चपला शिवणारे, हार्डवेअरवाले यांच्याकडे दोघादोघांनी जावे, बसून बोलावे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो आपल्यातल्या किती जणांनी कधी फिरवला आहे? पोरांना रात्री निजायला जागा मिळेपर्यंत नगरपालिकेचा पिच्छा पुरवावा. फलक नकोत, आरडाओरडा तर नकोच.

शेजारच्या दुकानात मी जाईन. तिथले काका मला लहानपणापासून ओळखतात.